तराजू गमावलेली बाई आणि मार्फाचं कोर्ट : आमची चार दिवसांची ट्रिप

बाबा कराडच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण कोर्ट काही त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. आम्ही सॅन अँटोनिओत राहतो, आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. म्हणलं ग्रँड कॅनियन दाखवू, निदान ह्यूस्टनला नासा तरी दाखवू, तर बाबांनी रिव्हरवॉकला जाताना ते लाल दगडाचं बेअर काउंटीचं कोर्ट बघितलं आणि तिथंच उभे राहिले (लिहितात बेक्सार, म्हणतात बेअर, आईला हे अजून पटलेलं नाही). मग घरी आल्यावर टॅबवर टेक्सासमधली कोर्टं शोधत बसले. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या (म्हणजे आपले जिल्हे) आहेत, आणि प्रत्येकीचं एक कोर्ट. दोन दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, "अगं, ही प्रेसिडिओ काउंटी मूळची आपल्या बेअरमधूनच फुटून निघालीय, १८५० मध्ये. तिथल्या मार्फा गावात गुलाबी कोर्ट आहे. जाऊन येऊ." जणू कराडहून पाटणला जायचंय. ४०० मैल!

पण नवऱ्याला पण पश्चिम टेक्सास बघायचंच होतं, आणि नुकतीच दिवाळी झालेली त्यामुळे चिवडा-चकल्यांचे डबे भरलेलेच होते. निघालो.

दिवस पहिला, गुरुवार

सहाला निघायचं ठरलं, सव्वासातला निघालो. आयटेन हायवेने गेलं तर लवकर पोचतो पण आम्ही मुद्दाम जुना यूएस ९० धरला कारण वाटेत लँगट्री लागतं. डेल रिओपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, सपाट आणि झुडपं. त्यानंतर जमीन एकदम फाटायला लागते, आणि पेकोस नदीचा पूल येतो. पाण्यापासून २७३ फूट उंच. आधीचा खालचा पूल १९५४ च्या पुरात गेला म्हणून हा १९५७ मध्ये एवढा वर बांधला. आई डोळे मिटून बसली होती आणि "झाला का, झाला का" विचारत होती.

लँगट्री म्हणजे आता गाव म्हणायला पण जीवावर येईल इतकं छोटं, पण इथं १८८२ पासून रॉय बीन नावाचा माणूस जस्टिस ऑफ द पीस (म्हणजे अगदी खालच्या पायरीचा न्यायाधीश) होता आणि त्याचं कोर्ट म्हणजे त्याचाच दारूचा गुत्ता. तो लाकडी गुत्ता अजून जपून ठेवलाय, फुकट बघता येतो. ज्यूरी म्हणजे समोर बसलेली गिऱ्हाइकं, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांनी दारू विकत घ्यायची. एक गोष्ट सगळे सांगतात की एका मेलेल्या माणसाच्या खिशात ४० डॉलर आणि पिस्तूल सापडलं तर ह्याने प्रेताला हत्यार बाळगल्याबद्दल ४० डॉलरच दंड केला. खरं खोटं देव जाणे. पण १८९६ ची बॉक्सिंग मॅच मात्र खरी, टेक्सासमध्ये बंदी, मेक्सिकोत बंदी, म्हणून ह्या पठ्ठ्याने नदीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर मॅच भरवली, पोलीस काठावरून बघत बसले. बाबा त्या बारच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "असे दोन साहेब मीसुद्धा बघितलेत, फक्त बाटली ड्रॉवरमध्ये असायची." आईने चिमटा काढला.

पुढं सँडरसन, मॅराथॉन, अल्पाइन. अल्पाइनला ब्रूस्टर काउंटीचं लाल विटांचं कोर्ट गाडीतूनच बघितलं. ही काउंटी पण १८८७ मध्ये प्रेसिडिओतूनच तोडून काढली आणि आज टेक्सासमधली सगळ्यात मोठी काउंटी हीच, आणि इतके तुकडे पडूनसुद्धा प्रेसिडिओ चौथ्या नंबरवर आहे, म्हणजे मूळची केवढी असेल बघा.

अल्पाइन सोडलं की एक घाट चढून वर येतो आणि समोर एकदम सगळं उघडं. झाड नाही, डोंगर लांब क्षितिजाला टेकलेले, मध्ये नुसतं पिवळं गवत. मार्फा साधारण ४,७०० फुटांवर आहे आणि पाऊस वर्षाला १५-१६ इंच. महाबळेश्वराच्या उंचीवर नेऊन माणदेश पसरून ठेवला तर जे होईल ते. हरणांसारखी प्रॉन्गहॉर्न चरत होती कुंपणाच्या आत, आईने शंभर फोटो काढले, सगळ्यात ठिपके.

मार्फाच्या नऊ मैल अलीकडे रस्त्याकडेला एक जागा बांधलीय, तिथं रात्री लोक मार्फा लाइट्स बघायला जमतात. लांब क्षितिजावर दिवे दिसतात, हलतात, दोनाचे एक होतात. १८८३ मध्ये एका गुराख्याने पहिल्यांदा बघितले असं सांगतात. तेव्हा मोटारी कुठं होत्या, हा इथल्या लोकांचा हुकमी मुद्दा. २००४ मध्ये डॅलसच्या फिजिक्सच्या पोरांनी मोजमाप करून सांगितलं की तुम्ही जे बघताय ते यूएस ६७ वरून येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट आहेत. आम्ही थंडीत कुडकुडत पाऊण तास उभे राहिलो, दिवे दिसले. नवरा म्हणाला परवा रात्री आपण त्याच ६७ वरून परत येणार, म्हणजे इथं उभ्या असलेल्यांसाठी भूत आपणच. आईला हे अजिबात आवडलं नाही. आमच्याकडं रस्त्यावर दिसणाऱ्या दिव्यांची चेष्टा करत नाहीत.

दिवस दुसरा, शुक्रवार

खास ह्या दिवसासाठी आलो होतो. बाबा सकाळी साडेसहालाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार, वर स्वेटर. म्हणलं बाबा कोर्ट आठ-साडेआठला उघडतं. "असूदे, बाहेरून बघू."

आणि बाहेरूनच खरं बघण्यासारखं आहे. हायलँड अव्हेन्यू नावाचा गावाचा मुख्य रस्ता, रुंद आणि जवळजवळ रिकामा, आणि त्याच्या शेवटाला हे कोर्ट. तीन मजले, वर घुमट, घुमटावर न्यायदेवता. रंग म्हणजे पिकलेल्या पेरूच्या आतला असतो ना, तसा. सूर्य वर आला तसा तो रंग बदलत गेला. गाव १,८०० माणसांचं आणि कोर्ट असं की फ्रान्सच्या राजाला राहायला दिलं असतं तरी तक्रार केली नसती. १८८६ मध्ये बांधलं. आर्किटेक्ट आल्फ्रेड जाइल्स, मूळचा लंडनचा पण ऑफिस आमच्या सॅन अँटोनिओत, त्यानं टेक्सासमध्ये बरीच कोर्टं बांधली. खर्च आला साधारण ६०,००० डॉलर. विटा इथल्याच मातीच्या.

एवढा थाट कशाला, ह्याचं कारण मजेशीर आहे. काउंटी कागदावर १८५० ची, पण प्रत्यक्ष कारभार सुरू झाला १८७५ मध्ये आणि तेव्हा मुख्यालय होतं उत्तरेला फोर्ट डेव्हिस, लष्कराच्या छावणीजवळ. मग १८८३ च्या आसपास रेल्वे आली पण ती फोर्ट डेव्हिसला गेलीच नाही, वीसेक मैल खालून गेली, आणि इंजिनांना पाणी भरायला जे ठिकाण केलं ते मार्फा. दोन वर्षांत, १८८५ मध्ये, मतदान होऊन मुख्यालय मार्फाला हललं. म्हणजे दोन वर्षांचं पाण्याच्या टाकीचं गाव एकदम जिल्ह्याचं ठिकाण झालं, मग ते परत कोणी हलवू नये म्हणून असं दणदणीत कोर्ट बांधून ठेवलं, असं आपलं माझं मत. फोर्ट डेव्हिसवाले इतके चिडले की त्यांनी १८८७ मध्ये स्वतःची वेगळी जेफ डेव्हिस काउंटीच करून घेतली. बाबा म्हणाले, "आपल्याकडं कराड जिल्हा व्हावा म्हणून किती वर्षं चाललंय, ह्यांनी दोन वर्षांत उरकलं."

गावाच्या नावाचं पण असंच. रेल्वेतल्या एका बड्या साहेबाच्या बायकोनं कुठल्यातरी कादंबरीतल्या पात्राचं नाव ठेवलं म्हणे, रशियन पात्र हे नक्की, पण कादंबरी कुठली ह्यावर अजून भांडणं चालू आहेत.

आत गेलो. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलं नाही. बाबांना हाच पहिला धक्का. ना पट्टेवाला, ना व्हरांड्यात बसलेली माणसं, ना स्टॅम्प व्हेंडर, ना झाडाखाली टायपिंगवाला, ना चहाचा पोऱ्या. "कोर्ट आहे का देऊळ," असं पुटपुटले. खाली क्लार्कचं ऑफिस, तिथं एक बाई होत्या, त्या आधी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, मोठं रजिस्टर उघडलेलं. बाबांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "इंडेक्स टू काढतीय." खरंच जमिनीच्या खरेदीची नोंद होती ती! टेक्सासमध्ये खरेदीखतं, लग्नाचं लायसन, जन्ममृत्यू, सगळं काउंटी क्लार्ककडं, म्हणजे आपल्याकडचं सबरजिस्ट्रार ऑफिस आणि कोर्टाचं रेकॉर्ड रूम एकाच छपराखाली. आणि एक गोष्ट बाबांना फार म्हणजे फारच आवडली, गुरांवर जे तापल्या लोखंडानं डाग देतात ना, त्या डागाची खूण पण इथंच नोंदवावी लागते, आणि दर दहा वर्षांनी पुन्हा. नवऱ्याने त्या बाईंना सांगितलं की माझे सासरे भारतात तुमचंच काम करायचे, तर त्यांनी उठून हात मिळवला. बाबांची छाती दोन इंच फुगलेली मी बघितली.

मग काउंटी जज प्रकरण. पाटी बघून बाबा म्हणाले साहेबांना भेटता येईल का. त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला की टेक्सासमध्ये काउंटी जज म्हणजे मुख्यतः कारभारी. बजेट, रस्ते, नोकरभरती, चार कमिशनर आणि हा जज मिळून जी सभा भरते तिला म्हणतात 'कमिशनर्स कोर्ट', पण ते कोर्ट नाहीच. आणि हा जज निवडून येतो, वकील असलाच पाहिजे असंही नाही. "म्हणजे झेडपीचा अध्यक्ष," बाबा म्हणाले. जवळजवळ तेच. खरे मोठे खटले चालतात डिस्ट्रिक्ट कोर्टात, त्याचा नंबर ३९४, आणि त्या एका कोर्टाकडं पाच काउंट्या, ब्रूस्टर, कल्बरसन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि ही. म्हणजे जज फिरतीवर. मी हिशोब सांगितला, ही एकटी प्रेसिडिओ काउंटी जवळजवळ १०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडीशीच लहान. सातारा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ३० लाख माणसं. इथं २०२० मध्ये ६,१३१. बाबा जिन्यातच थांबले. "सहा हजार? अगं एवढ्या तर आमच्याकडं पेंडिंग केसेस होत्या."

ह्या जजवरून एक आठवलं ते सांगते. २०१६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया ह्याच काउंटीत, मार्फाच्या दक्षिणेला सिबोलो क्रीक रँचवर शिकारीला आलेले असताना झोपेत वारले. आता अशा मृत्यूची चौकशी करायला इथं मोठा मेडिकल एक्झामिनर वगैरे नाही, ते काम जस्टिस ऑफ द पीसचं, आणि इथले दोन्ही जस्टिस त्या दिवशी गावात नव्हते. शेवटी काउंटी जजने फोनवरून माहिती घेऊन मृत्यू नैसर्गिक म्हणून जाहीर केला. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा माणूस आणि फोनवर पंचनामा! त्यावरून किती तर्कवितर्क झाले. बाबांचं मत, "अंतर बघ की. जायला दोन तास, यायला दोन तास. आमच्याकडं पाटण खोऱ्यात पावसाळ्यात असंच व्हायचं."

वरच्या मजल्यावर कोर्टरूम. रिकामी, त्या दिवशी काही काम नव्हतं. लाकडी बाकं, ज्यूरीच्या खुर्च्या. बाबा जजच्या खुर्चीकडं गेले नाहीत, सरळ खाली क्लार्क बसतो त्या जागेजवळ जाऊन उभे राहिले. आईने फोटो काढला. मग हळूच, अगदी हळूच, त्यांनी पुकारा केला, कुठल्यातरी जुन्या दाव्याचा नंबर आणि "हाजिर हो". आवाज काय घुमला म्हणून सांगू. खालून कोणी आलं नाही हे नशीब.

त्याच्यावर अजून जिने, लाकडी, चिंचोळे, थेट घुमटात. लोकांना वर जाऊ देतात. आईचे गुडघे नको म्हणाले, ती खाली थांबली, आम्ही तिघं गेलो. वर चारी बाजूंना खिडक्या आणि मग काउंटीचा नकाशाच समोर. उत्तरेला डेव्हिस माउंटन्स, नैऋत्येला लांबवर चिनाती डोंगर, त्याचं शिखर ७,७०० फुटांवर, त्याच्या पलीकडं जमीन खाली खाली उतरत रिओ ग्रांदेपर्यंत जाते आणि नदीपलीकडं मेक्सिको. खाली हायलँड अव्हेन्यू सरळ रेल्वेलाईनीपर्यंत, पाण्याची टाकी, आणि मग गाव संपलं. खरंच संपलं, एखाद्याने पुसून टाकावं तसं.

आता ती न्यायदेवता. इथं सगळे सांगतात की कधीतरी एका चिडलेल्या काउबॉयने खालून गोळी घालून तिच्या हातातला तराजू पाडला आणि म्हणाला, ह्या काउंटीत न्यायच नाही. दंतकथा आहे, नाव नाही गाव नाही. पण ह्या काउंटीचा इतिहास मी येण्याआधी वाचला होता आणि मला तो काउबॉय अगदीच खोटा वाटत नाही.

१९१८ ची गोष्ट. पश्चिमेला नदीकाठी पोरवेनीर नावाची मेक्सिकन शेतकऱ्यांची वस्ती होती. २८ जानेवारीच्या रात्री टेक्सास रेंजर्स (राज्याचे हत्यारी पोलीस), काही रँचवाले आणि सोबत घोडदळाचे सैनिक तिथं आले, १५ पुरुष आणि पोरं वेगळी काढली आणि टेकडीजवळ नेऊन गोळ्या घातल्या. सगळ्यात लहान १६ वर्षांचा, सगळ्यात मोठा ७२ वर्षांचा. उरलेली माणसं नदी ओलांडून मेक्सिकोत गेली आणि वस्ती संपली. पुढं रेंजर्सची ती तुकडी बरखास्त झाली, पाच जणांना काढून टाकलं, १९१९ मध्ये कॅनालेस नावाच्या आमदाराने विधिमंडळात चौकशी लावली. पण शिक्षा? एकालाही नाही. मेलेल्यांची नावं राहिली ती हॅरी वॉरेन नावाच्या शाळामास्तरमुळं, त्यानं ती लिहून ठेवली, त्याचा सासराच त्यात होता. सरकारी पाटी लागली १०० वर्षांनी, २०१८ मध्ये, मार्फाच्या पश्चिमेला हायवे ९० वर.

हे मी बाबांना तिथं घुमटातच सांगितलं. ते बराच वेळ पश्चिमेच्या खिडकीत उभे होते. मग विचारलं, "मास्तरनं नावं वयासकट लिहिली होती का?" म्हणलं हो. "मग चांगलं केलं." आणि उतरायला लागले.

दुपारी गावात फिरलो. मार्फा हल्ली कलाकारांचं गाव म्हणून फेमस आहे. डोनाल्ड जड नावाचा न्यूयॉर्कचा कलाकार सत्तरच्या दशकात इथं आला, लष्कराच्या जुन्या छावणीतल्या शेड्समध्ये त्यानं अॅल्युमिनियमचे १०० खोके मांडले, १९८६ पासून चिनाती फाउंडेशन म्हणून ते लोकांना बघायला खुलं आहे. आम्ही बाहेरचे काँक्रीटचे मोठे चौकोन बघितले. आई म्हणाली, "ड्रेनेजचं काम अर्धवट सोडलंय का?" नवऱ्याने तिला समजवायचा प्रयत्न केला, मी नाही केला. खरं सांगायचं तर संध्याकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या बघायला छान वाटतं. जेवायला बीन्स-चीज बरिटो, आईच्या भाषेत राजम्याची पोळी, बरोबर आपली लसूण चटणी.

१९५५ मध्ये इथं हॉलिवूडच्या एका मोठ्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं, एलिझाबेथ टेलर, जेम्स डीन सगळे १९३० च्या एल पायसानो हॉटेलात यायचे. लॉबीत फोटो लावलेत. आईला कोर्टापेक्षा हे आवडलं.

दिवस तिसरा, शनिवार

आज दक्षिणेला, यूएस ६७ ने ६० मैल, प्रेसिडिओ गावापर्यंत. हे लक्षात घ्या की काउंटीचं नाव प्रेसिडिओ, प्रेसिडिओ नावाचं गाव पण आहे, आणि लोकवस्ती तिथं मार्फाच्या जवळजवळ दुप्पट, पण कोर्ट मार्फाला. म्हणजे तारीख असली की ६० मैल वर चढून या. चढून म्हणजे खरंच चढून, मार्फा ४,७०० फुटांवर आणि प्रेसिडिओ २,६०० च्या आसपास. उतरताना स्वेटर एक एक करत निघाले, खाली पोचलो तेव्हा बाबा बनियनवर यायच्या बेतात होते. उन्हाळ्यात टेक्सासमधलं सगळ्यात जास्त तापमान कित्येकदा प्रेसिडिओचंच असतं.

वाटेत शाफ्टर. चांदीच्या खाणीचं ओसाड गाव. १८८० मध्ये स्पेन्सर नावाच्या माणसाला इथं चांदीचा दगड सापडला आणि मग १९४२ पर्यंत खाण चालली, जवळजवळ ३ कोटी औंस चांदी निघाली. आता भिंती, एक छोटं चर्च आणि टेकाडावर दफनभूमी, लाकडी क्रॉस, दगडांचे ढीग. क्रॉसवरची बरीच नावं पुसून गेलेली. बाबा एकेक वाचत फिरत होते, वाचता येतील तेवढी.

प्रेसिडिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये लष्करी ठाणं. पण ठाण्याच्या आधीपासून इथं माणसं शेती करत आलेली आहेत, कारण इथं संगम आहे, ला हुंता दे लोस रिओस. आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. रिओ ग्रांदे कोलोरॅडोतून येते खरी पण एल पासोपर्यंत तिचं पाणी शेतीला काढून काढून ती खाली येते तेव्हा पार ओढा झालेली असते, आणि इथं मेक्सिकोतून रिओ कोंचोस तिला मिळते, आणि पुढं जी मोठी नदी म्हणून बिग बेंडच्या दऱ्या कापत जाते ती खरं म्हणजे बहुतेक कोंचोसच, नाव तेवढं रिओ ग्रांदे. बाबांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "म्हणजे पाणी कोयनेचं आणि नाव कृष्णेचं." आमच्या प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर येऊन भेटतात, इथं तसं नाही, इथला संगम धड दिसत पण नाही, वेळूच्या झाडीत कुठंतरी होऊन जातो. आईने तरी गाडीतून हात जोडले. १५३५ मध्ये काबेसा दे वाका नावाचा जहाज फुटलेला स्पॅनिश माणूस पायी भटकत इथं आला होता, त्यानं पक्की घरं आणि शेतं बघितल्याचं लिहिलंय.

गावाबाहेर फोर्ट लीटन. बेन लीटननं १८४८ मध्ये घेतलेला मातीच्या कच्च्या विटांचा भलामोठा वाडा, जाड भिंती, आत गारवा. आमच्या आजोळच्या वाड्याची आठवण आली, वरती लाकडाचे वासे पण तसेच. तिथंच बसून चिवडा खाल्ला.

पुढं नदीकाठच्या रस्त्यानं रेडफर्डपर्यंत गेलो. शेळ्या, पडकी घरं, नदी इतकी जवळ की दगड मारला तर दुसऱ्या देशात पडेल. १९९७ च्या मे महिन्यात ह्या गावातला १८ वर्षांचा मुलगा शेळ्या चारत होता, हातात जुनी रायफल, आणि ड्रग्जच्या पहाऱ्यावर झुडपात लपून बसलेल्या मरीन सैनिकांपैकी एकानं त्याला गोळी घातली. अमेरिकन नागरिक होता तो. केस मार्फाच्या ग्रँड ज्यूरीसमोर आली. ग्रँड ज्यूरीनं खटला भरायला नकार दिला. बाबांना ग्रँड ज्यूरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, की आधी गावातलीच माणसं बंद दाराआड ठरवतात की खटला चालवण्यासारखं काही आहे का. "म्हणजे दाव्याला नंबर पडायच्या आधीच निकाल," एवढंच म्हणाले.

आणि ड्रग्जचं म्हणाल तर १९९१ मध्ये ह्याच काउंटीच्या शेरीफला पकडलं होतं, मार्फाच्या जत्रेच्या मैदानात घोडे वाहायच्या ट्रेलरमध्ये एक टनाहून जास्त कोकेन. जन्मठेप झाली. म्हणजे कधीकधी तराजू चालतो पण.

परत येताना मार्फाच्या अलीकडं बॉर्डर पेट्रोलचा चेकपोस्ट लागतो, उत्तरेकडं जाणारी प्रत्येक गाडी थांबते. बाबांनी पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ची प्रिंट, इन्शुरन्स, परतीचं तिकीट, सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये नंबर टाकून लावलेलं. त्या पोरानं पासपोर्ट बघितला आणि जा म्हणाला. बाबांना वाईट वाटलं, फाईल कोणी बघितलीच नाही. अंधार पडला होता, लांब पूर्वेला तो दिवे बघायचा स्पॉट असणार, नवऱ्यानं मुद्दाम दोनदा हेडलाइट डिपर मारला. आईनं त्याला रामरक्षा म्हणायला लावली.

दिवस चौथा, रविवार

सकाळी फोर्ट डेव्हिस, वीसेक मैल उत्तरेला, म्हणजे रुसून वेगळी झालेली काउंटी. पाच हजार फुटांवर, टेक्सासमधलं सगळ्यात उंच काउंटीचं ठिकाण. लष्कराचा जुना तळ छान जपलाय, १८५४ चा, सिव्हिल वॉरनंतर इथं काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. १८९१ ला तळ बंद झाला, रेल्वे आधीच नव्हती, मग गाव आहे तसं राहिलं. मॅकडॉनल्ड ऑब्झर्व्हेटरी वर डोंगरावर दिसते, वेळ नव्हता, हळहळलो.

हो, ते प्राडाचं खोटं दुकान, प्राडा मार्फा, ज्याचे सगळे फोटो टाकतात, ते पण मार्फात नाहीच, व्हॅलेंटाइन गावाजवळ आहे आणि काउंटी जेफ डेव्हिस. बाबांच्या मते हा हद्दीचा वाद आहे आणि मार्फावाल्यांनी स्टे आणायला हवा. आम्ही गेलो नाही, उलट्या दिशेला पडतं.

रविवार असल्यानं फोर्ट डेव्हिसचं कोर्ट बंद. बाबांनी तरी एक चक्कर मारलीच, दाराच्या काचेला कपाळ टेकवून आत बघितलं, बाहेर नोटीस बोर्डावर लावलेलं एकेक पान वाचलं, लिलावाची नोटीस होती तिचा मोबाईलवर फोटो घेतला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले फॉरमॅट चांगला आहे.

मग आयटेन, ताशी ८० मैल, फोर्ट स्टॉकटन, ओझोना, सोनोरा, सगळे झोपलेले आणि नवरा एकटा जागा. जंक्शनच्या जवळ बाबांना जाग आली, पाणी प्यायले, थोडा वेळ खिडकीतून बघत बसले आणि म्हणाले, "अगं, ते आपलं बेअरचं कोर्ट सोमवारी किती वाजता उघडतं?"